निजेच्या वेळची गोष्ट : बालमनाची पहिली शाळा

(ग्रामपंचायत सदस्य, प्राथमिक शिक्षक आणि अंगणवाडी सेविका यांच्या मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



ग्रामविकासाचा विचार करताना रस्ता, पाणी, वीज, शाळेची इमारत आणि दवाखाना या बाबी प्रथम डोळ्यांपुढे येतात, आणि ते स्वाभाविकच आहे. या कामांचे मोजमाप करता येते, त्यांच्यासाठी तरतूद करता येते, काम पुरे झाल्याचा दाखलाही देता येतो. परंतु मुलाच्या घडणीत असाही एक भाग असतो की, ज्याची नोंद कोणत्याही मोजमाप पुस्तकात होत नाही. जेवणखाण आटोपल्यावर, दिवा मंद झाल्यावर, अंथरुणावर पडलेल्या मुलाच्या उशाशी बसून घरातील वडीलधारे माणूस जी गोष्ट सांगते, तिच्यासाठी कोणत्याही अंदाजपत्रकात लेखाशीर्ष नाही. तथापि त्या पंधरा-वीस मिनिटांत मूल जे मिळवते ते पुढे शाळेतील कित्येक तासांच्या उपयोगी पडते. ही ठेव आज झपाट्याने आटत चालली आहे. म्हणूनच तिचा विचार केवळ घरगुती बाब म्हणून न करता सार्वजनिक हिताची बाब म्हणून करणे अगत्याचे झाले आहे.

रात्र आणि गोष्ट यांचे नाते

गोष्ट सांगण्याची वेळ रात्रीची, हा संकेत एखाद्या प्रांतापुरता मर्यादित नाही. आफ्रिकेच्या दक्षिण भागात, बोट्स्वाना आणि नामिबिया यांच्या सरहद्दीवर जुहोआन्सी नावाचे लोक राहतात. शिकार आणि कंदमुळे यांवर त्यांचा निर्वाह चालत असे. मानववंशशास्त्राच्या अभ्यासक पॉली वीसनर यांनी या लोकांच्या दिवसाच्या आणि रात्रीच्या संभाषणांची तुलना करून २०१४ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. दिवसा त्यांचे बोलणे मुख्यतः अन्न, काम, देणेघेणे आणि कुरबुरी यांविषयी चाले. रात्री शेकोटीभोवती मात्र सुमारे ८१ टक्के संभाषण गोष्टींचेच असे. दिवस पोटासाठी आणि रात्र मनासाठी, अशी ही वाटणी होती. शेकोटीच्या उजेडात लहान मूल ऐकता ऐकता झोपी जाई, आणि दूरच्या नातलगांची, गतकाळाची आणि रीतिभातींची ओळख त्याला नकळत होत असे.

पश्चिम आफ्रिकेतील घाना देशाच्या अशांती लोकांत गोष्टी अंधार पडल्यावरच सांगण्याचा रिवाज होता. अमेरिकेतील नवाहो लोक आपल्या कोल्ह्याच्या गोष्टी फक्त हिवाळ्यात, साप आणि अस्वले सुप्तावस्थेत गेल्यावरच सांगतात. उत्तर हिंदुस्थानातील घरांतून मुलांना सांगितले जाते की, दिवसा गोष्ट सांगितली तर मामा वाट चुकतो. वरवर पाहता या समजुती भोळ्या वाटतील. परंतु त्यांच्यामागे व्यवहाराचे शहाणपण आहे. कामाच्या वेळी काम व्हावे, आणि कथेला तिची स्वतःची, राखून ठेवलेली वेळ मिळावी, असा हा बंदोबस्त होता. वेळ राखलेली होती म्हणून कथाही टिकली.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मुलाला वेगळ्या खोलीत, वेगळ्या पलंगावर निजवून, पुस्तक उघडून गोष्ट वाचावी, ही पद्धत प्रामुख्याने पाश्चात्य मध्यमवर्गातील आहे. जगातील बहुसंख्य मुले आईच्या किंवा आजीच्या कुशीत, भावंडांच्या दाटीत, पडवीत, ओटीवर वा अंगणात निजत आली. तेथे पुस्तक नव्हते, पण गोष्ट होती. ज्या घरात एकही पुस्तक नाही त्या घरातसुद्धा मुलाला हा लाभ देता येतो, ही बाब ग्रामीण कार्यकर्त्यांनी विशेष ध्यानात ठेवावी.

एक म्हातारी, एक भोपळा

लेकीकडे निघालेल्या म्हातारीची गोष्ट महाराष्ट्रातील बहुतेक घरांना परिचित आहे. वाटेत तिला हिंस्र पशू गाठतात. लेकीकडे जाऊन, तूपरोटी खाऊन जाडजूड होऊन येते, मग खा, असे सांगून ती सुटका करून घेते आणि परतताना भोपळ्यात बसून घर गाठते. हीच म्हातारी बंगालमध्येही आहे. उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘टुनटुनीर बोई’ या संग्रहात ती कुबडी आहे आणि दुध्याच्या खोळीत बसून परतते. हीच म्हातारी इराणातही आहे. तेथील मुले तिला गडगडत जाणाऱ्या भोपळ्यावरून ओळखतात, आणि लांडगा, बिबळ्या व सिंह तिची वाट अडवतात.

ही कथा मुळात कोठली आणि कोणी कोणाकडून घेतली, हा प्रश्न पंडितांसाठी सोडून देता येईल. कार्यकर्त्यांच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न निराळा आहे. पुणे, कोलकाता आणि तेहरान येथील लेकरांना एकाच म्हातारीने का भुरळ घालावी? याचे उत्तर मुलाच्या स्थितीतच दडलेले आहे. मूल हे घरातील सर्वांत दुबळे माणूस. त्याच्याभोवतीचे सारे जग त्याच्याहून मोठे, बळकट आणि पुष्कळदा अनाकलनीय असते. गोष्टीतील म्हातारीही अशीच दुबळी. तिच्यापाशी दात नाहीत, शस्त्र नाही, आहे ती केवळ बुद्धी. ती वाघाशी बोलते, मुदत मागते, युक्ती योजते आणि सुखरूप घरी येते. अंधारात डोळे मिटण्यापूर्वी मुलाला जो दिलासा हवा असतो तो हाच की, भय खरे असले तरी त्यातून वाट निघते आणि वाटेच्या शेवटी घर असते.

अशांती लोकांचा अनान्से नावाचा कोळीही याच जातीचा नायक आहे. जगातील सर्व गोष्टी आकाशदेवाच्या मालकीच्या होत्या. त्या मिळविण्यासाठी अनान्सेने अजगर, बिबळ्या आणि गांधीलमाश्या यांना केवळ चतुराईने पकडून आणले आणि तेव्हापासून गोष्टी सर्वांच्या झाल्या, असे त्यांची कथा सांगते. गुलामांच्या व्यापारात आफ्रिकेतील माणसे अटलांटिक महासागरापलीकडे नेण्यात आली, तेव्हा त्यांच्याजवळ भांडे नव्हते की वस्त्र नव्हते. पण अनान्से त्यांच्यासोबत जमैकापर्यंत गेला. मळ्यातील कष्टांनी पिचलेल्या माणसांनी रात्री आपल्या मुलांना बलिष्ठावर मात करणाऱ्या लहानशा कोळ्याची गोष्ट सांगितली. माणसाचे सर्वस्व हिरावले गेले तरी त्याची गोष्ट हिरावता येत नाही, याचे याहून ठळक उदाहरण सापडणे कठीण आहे.

भारतभूमीतील कथांचा प्रवास

कथेच्या बाबतीत भारताने जगाला दिलेले देणे सर्वश्रुत आहे. महिलारोप्य नगरीच्या अमरशक्ती राजाचे तीन पुत्र अभ्यासाला कंटाळलेले होते. विष्णुशर्मा या वृद्ध पंडिताने त्यांना सहा महिन्यांत शहाणे करून सोडण्याचे वचन दिले आणि त्यासाठी व्याकरणाच्या पोथ्या न उघडता पशुपक्ष्यांच्या गोष्टी सांगितल्या, अशी ‘पंचतंत्रा’ची प्रस्तावना आहे. सहाव्या शतकात इराणच्या खुस्रो अनुशिरवान बादशहाच्या कारकिर्दीत बुर्झोय याने या कथा पहलवी भाषेत नेल्या. आठव्या शतकात इब्न अल्-मुकफ्फा याने त्या ‘कलीला व दिमना’ या नावाने अरबीत उतरविल्या. पुढे हिब्रू आणि लॅटिन भाषांतून त्या युरोपभर गेल्या आणि १५७० मध्ये टॉमस नॉर्थ याच्या लेखणीतून इंग्रजीत पोहोचल्या. प्रत्येक मुक्कामावर प्राण्यांची नावे पालटली, वेश पालटला. पण मित्र पारखून घ्यावा आणि अविचाराने काही करू नये, हे सांगणे कायम राहिले.

दुसरी परंपरा थेट महाराष्ट्राच्या भूमीशी निगडित आहे. प्रतिष्ठान म्हणजे पैठण येथील सातवाहन राजाच्या पदरी गुणाढ्य नावाचा पंडित होता, अशी आख्यायिका सोमदेवाने अकराव्या शतकातील ‘कथासरित्सागरा’त दिली आहे. एका पैजेत हरल्यामुळे गुणाढ्याने संस्कृत, प्राकृत आणि देशभाषा या तिन्हींचा त्याग केला आणि रानात राहून पैशाची भाषेत सात लक्ष श्लोकांची ‘बृहत्कथा’ रचली. भाषा हलकी म्हणून राजाने तो ग्रंथ अव्हेरला. तेव्हा गुणाढ्याने डोंगरावर अग्नी पेटविला आणि एकेक पान रानातील पशुपक्ष्यांना वाचून दाखवून तो अग्नीत टाकू लागला. पशू चरणे विसरून, आसवे गाळीत ऐकत राहिले. राजाला वार्ता कळून तो धावत येईपर्यंत सहा लक्ष श्लोक जळून गेले होते. एक लक्ष तेवढे वाचले.

ही आख्यायिका असली तरी तिच्यातील बोध आजच्या कारभाराला लागू पडणारा आहे. भाषा कमी प्रतीची मानली म्हणून राजाने कथा नाकारली आणि हानी राजाचीच झाली. मेळघाटातील कोरकू, गडचिरोलीतील गोंड व माडिया, नंदुरबारमधील भिल्ल व पावरा, पालघरमधील वारली या समाजांतील मुलांची घरची बोली शाळेच्या भाषेहून वेगळी असते. त्या बोलीतील गोष्टींना शाळेच्या उंबरठ्याबाहेर ठेवले तर गुणाढ्याच्या पोथीची पाने पुन्हा एकदा अग्नीत पडतील.

चिमणी-कावळ्याची गोष्ट तर इतकी साधी की तिला इतिहास असेल असे कोणाच्या मनातही येत नाही. परंतु शेणाच्या घराची आणि मेणाच्या घराची ही कथा तेराव्या शतकातील ‘लीळाचरित्र’ या महानुभाव ग्रंथात आढळते. तेथे चिमणीच्या जागी साळई आहे, एवढाच फरक. म्हणजे मराठी आयांनी आणि आज्यांनी किमान सातशे वर्षे ही गोष्ट एकमेकींच्या हाती सोपविली आहे. राज्ये गेली, लिपीची वळणे बदलली, तरी पावसात भिजून दाराशी आलेला कावळा अद्याप तेथेच उभा आहे.

सांगणाऱ्या स्त्रिया, लिहून घेणारे विद्वान

छापील पुस्तकांवर विद्वानांची नावे असतात. त्यांच्यामागे पुष्कळदा एखादी कष्टकरी स्त्री उभी असते. जर्मनीतील याकोब आणि विल्हेल्म ग्रिम या बंधूंनी आपल्या कथासंग्रहाचा पहिला भाग १८१२ मध्ये आणि दुसरा १८१५ मध्ये प्रसिद्ध केला. दुसऱ्या भागातील अनेक कथा त्यांना डोरोथेआ फीमान या शिंप्याच्या पत्नीने सांगितल्या होत्या. ती कासेल शहरात भाजीपाला विकायला येत असे.

याच प्रकारचे एक उदाहरण मुंबई इलाख्यातील आहे. गव्हर्नर सर बार्टल फ्रेअर १८६५-६६ च्या हिवाळ्यात दक्षिणेकडील मुलखाच्या दौऱ्यावर निघाले तेव्हा त्यांची कन्या मेरी बरोबर होती. मुक्कामांवरील फावल्या वेळात तिने आपल्या ॲना लिबेराता डिसूझा या आयेकडून गोष्टी ऐकल्या आणि लिहून घेतल्या. ॲनाला त्या तिच्या आजीकडून मिळाल्या होत्या. तिचे घराणे मूळचे लिंगायत. पुढे ते गोव्याच्या परिसरात स्थायिक झाले आणि आजोबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. धर्म बदलला, गाव बदलले, पण आजीची गोष्ट बदलली नाही. हा संग्रह १८६८ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. संग्रहाच्या आरंभी ॲनाने स्वतःची हकीकत सांगितली आहे. पूर्वीच्या म्हाताऱ्या माणसांना गोष्टी सांगण्याची हौस होती, आता त्यांना पैसा जोडण्याची हौस आहे, अशी तिची तक्रार त्यात आढळते. त्या तक्रारीला दीडशे वर्षे उलटून गेली. गोष्ट संपत चालल्याची खंत प्रत्येक पिढीला वाटते, आणि प्रत्येक पिढीत कोणी तरी ती पुन्हा सांगते म्हणूनच ती उरते, असा या तक्रारीचा अर्थ घेता येईल.

बंगालमध्ये दक्षिणारंजन मित्र मजुमदार यांनी खेड्यापाड्यांत हिंडून जमविलेल्या कथा १९०७ मध्ये ‘ठाकुरमार झुली’ म्हणजे ‘आजीची झोळी’ या नावाने प्रसिद्ध झाल्या आणि रवींद्रनाथ टागोरांनी त्यांना प्रस्तावना लिहिली. स्वदेशीच्या चळवळीचा तो काळ होता. देशी कापडाप्रमाणे देशी गोष्टही जपली पाहिजे, ही जाणीव त्या काळी जागी झाली होती.

मुलाच्या पदरात काय पडते?

पहिला लाभ भाषेचा. दैनंदिन व्यवहारात मुलाच्या कानांवर ‘ये’, ‘जेव’, ‘नीज’, ‘मस्ती करू नकोस’ अशी तुटक वाक्ये पडतात. गोष्टीत मात्र त्याला पूर्ण वाक्य ऐकायला मिळते. ‘जरी-तरी’, ‘म्हणून’, ‘इतक्यात’, ‘त्यानंतर’ अशा शब्दांनी घटना एकमेकींना जोडलेल्या असतात. कारण आणि कार्य यांचा संबंध मूल येथेच शिकते. तीच गोष्ट रोज ऐकण्याचा हट्ट मुले करतात, त्याला कंटाळू नये. पुनरुक्तीतूनच शब्द पक्के होतात आणि पुढे काय होणार हे आपल्याला ठाऊक असल्याचा आनंदही मुलाला लाभतो.

गोष्ट कशी सांगितली जाते यालाही महत्त्व आहे. अमेरिकेत व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही पालकांना एवढेच शिकविण्यात आले होते की, पुस्तक नुसते वाचून न दाखविता मुलाला मोकळे प्रश्न विचारावेत, त्याचे उत्तर ऐकावे आणि त्यात भर घालावी. सुमारे महिनाभरातच त्या मुलांच्या बोलण्यात इतर मुलांपेक्षा लक्षणीय प्रगती दिसून आली. महाराष्ट्रातील आजी ‘हुं’ म्हणायला लावून गोष्ट सांगत असे आणि ‘मग कावळ्याने काय केले असेल?’ असे मध्येच विचारीत असे. तिच्या पद्धतीला शास्त्राने दिलेली ही पावतीच होय.

दुसरा लाभ स्वस्थ झोपेचा. ठरलेल्या वेळी ठरलेल्या क्रमाने दिवसाची अखेर झाली म्हणजे मूल लवकर आणि शांतपणे झोपते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. तीन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी १० ते १३ तास झोप हवी आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाने पडद्यासमोर एका तासापेक्षा अधिक वेळ बसू नये, असे त्यांत म्हटले आहे. मूल स्वस्थ बसलेले असेल त्या वेळी मोठ्यांनी त्याला वाचून दाखवावे, गोष्ट सांगावी, अशी शिफारसही तीत आहे. मूल जेवावे किंवा गप्प बसावे म्हणून त्याच्या हाती मोबाइल देण्याची सवय आता शहरांपुरती राहिलेली नाही. मोबाइलवरही गोष्टी असतात, हे खरे. पण तो मुलाच्या चेहऱ्याकडे पाहत नाही. मूल घाबरले तर तो आवाज हळू करीत नाही, आणि त्याने ‘का?’ विचारले तर थांबत नाही.

तिसरा लाभ दुसऱ्याचे मन ओळखण्याचा. कावळ्याला थंडी वाजत असेल का, चिमणीने दार लवकर उघडायला हवे होते का, असा विचार करणारे मूल स्वतःच्या जागेवरून उठून दुसऱ्याच्या जागी जाऊन बसते. फिलिपिन्समधील आग्ता लोकांच्या वस्त्यांचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांना, जेथे चांगले गोष्टी सांगणारे अधिक तेथे लोकांतील सहकार्यही अधिक, असे आढळले. त्यांचा निबंध २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. ग्रामसभेत एकमेकांचे ऐकून घेण्याची जी सवय लागते, तिचे बीज कदाचित याच ठिकाणी पडत असावे.

काही सावधगिरी

जुने ते सर्व सोने, असे मात्र समजू नये. जुन्या गोष्टींत सावत्र आई नेहमी दुष्ट असते, काळा रंग कुरूप ठरतो, धाकटी सून सोसत राहते, आणि एखाद्या जातीची किंवा व्यंग असलेल्या माणसाची थट्टा होते. मूल झोपेच्या उंबरठ्यावर असताना ऐकलेली ही वाक्ये खोलवर रुजतात. ग्रिम बंधूंनीही आपल्या कथा जशाच्या तशा ठेवल्या नाहीत. १८१२ च्या आवृत्तीत हिमगौरीचा मत्सर करणारी राणी ही तिची सख्खी आईच होती. १८१९ च्या आवृत्तीत त्यांनी तिला सावत्र आई केले. या बदलाने सख्ख्या आईची प्रतिमा राखली गेली आणि सावत्र आईवर कायमचा ठपका बसला. तात्पर्य, गोष्ट बदलण्याचा अधिकार सांगणाऱ्याला नेहमीच होता. तो त्याने विवेकाने वापरावा. त्याचप्रमाणे बागुलबुवाचा धाक घालून मुलाला निजविणे हा गोष्टीचा दुरुपयोग होय. गोष्टीत भय असावे, पण गोष्ट संपताना ते निवारलेले असावे. प्रत्येक गोष्टीच्या शेवटी ‘यावरून काय शिकलास?’ असे दरडावून विचारण्याचीही गरज नसते.

महाराष्ट्राने घालून दिलेला धडा

या बाबतीत महाराष्ट्राला दूर जावे लागत नाही. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. आश्रमातील सोबत्यांना श्याम रोज रात्री आपल्या आईच्या आठवणी सांगतो, अशी तिची मांडणी असून तिच्या प्रकरणांना ‘रात्र’ असेच नाव आहे. रात्रीच्या गोष्टीचे सामर्थ्य गुरुजींनी पुरते ओळखले होते.

गुजरातेत गिजुभाई बधेका यांनी भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात गोष्टीला शिक्षणाचे साधन बनविले. त्यांच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकातील शिक्षकाचा शांततेचा खेळ पहिल्या दिवशी फसतो. मग तो गोष्ट सांगू लागतो आणि गोंधळ घालणारा वर्ग आपण होऊन शांत होतो. गिजुभाईंच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य सुरू केले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. हा भाग २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. अनुताई वाघ यांच्या साहाय्याने त्यांनी बालवाडी मुलांच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढल्या. महागडी साधने न आणता पाने, बिया, शिंपले, स्थानिक गाणी आणि स्थानिक गोष्टी यांवर त्यांनी शिक्षण उभे केले. १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास सेवा योजना देशात सुरू झाली, आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द आज देशभर रूढ आहे. त्या शब्दामागे या दोघींचे श्रम आहेत.

गावपातळीवर काय करता येईल?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० आणि २०२१ मध्ये सुरू झालेले निपुण भारत अभियान या दोहोंनी पायाभूत साक्षरतेवर आणि आरंभीच्या वर्षांत मातृभाषेवर भर दिला आहे. ज्या मुलाने गोष्ट ऐकलेलीच नाही त्याला अक्षरे गिरवून दाखविली तरी वाचनाची ओढ वाटेलच असे नाही. अक्षरांच्या पलीकडे काही तरी गोड दडलेले आहे, ही खात्री त्याला आधी पटावी लागते. ती खात्री घरात पटते, म्हणून घराला हाताशी धरणे भाग आहे.

अंगणवाडी सेविकांना माता-पालक बैठकीत आहार व लसीकरण यांबरोबरच ‘रोज रात्री एक गोष्ट’ हा विषय घेता येईल. आपल्याला वाचता येत नाही म्हणून संकोचणाऱ्या मातेला, तिच्या तोंडची गोष्ट ही पुस्तकाइतकीच मोलाची आहे, हे आवर्जून सांगावे. गोष्ट सांगणे हे बायकांचे काम, ही समजूतही सोडावी लागेल. बापाने आठवड्यातून दोन रात्री जरी गोष्ट सांगितली तरी मूल ती जन्मभर विसरणार नाही.

शिक्षकांनी मुलांना गृहपाठ म्हणून आजी-आजोबांकडून एक गोष्ट ऐकून यावयास सांगावे आणि ती घरच्या बोलीतच वर्गात सांगू द्यावी. वर्षाअखेर अशा गोष्टींची एक हस्तलिखित वही शाळेच्या संग्रही राहू शकेल. सांगणाऱ्याचे नाव प्रत्येक गोष्टीखाली अवश्य लिहावे. ज्या कष्टकरी हातांनी कधी सही केली नाही त्यांचे नाव शाळेच्या पुस्तकात येणे, हा त्या घराचा सन्मान ठरेल.

ऊसतोडीसाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. दिवाळीच्या सुमारास गाड्या निघतात. काही मुले आईबापांबरोबर फडावरच्या कोपीत राहतात, तर काही आजी-आजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहाच्या आधाराने गावात मागे राहतात. पहाटेच्या अंधारात कोयता घेऊन निघालेली आई रात्री चुलीपाशी बसते तेव्हा तिच्या अंगात त्राण उरलेले नसते. तिला कोणी उपदेश करू नये. तेथे समाजाने पुढे यावयाचे आहे. मागे राहिलेल्या मुलांसाठी वस्तीवरील एखाद्या ओट्यावर, समाजमंदिरात किंवा ग्रंथालयात आठवड्यातून काही संध्याकाळी गोष्टींची बैठक भरविणे ग्रामपंचायतीला सहज शक्य आहे. यासाठी लागते ते एक सतरंजी, एक दिवा आणि एक सांगणारा. गावोगावच्या सार्वजनिक ग्रंथालयांत बालविभाग असेल तेथे पुस्तके मुलांच्या हाताला लागतील अशा उंचीवर ठेवावीत आणि ती फाटतील म्हणून कुलपात ठेवण्याचा मोह टाळावा. वापराने फाटलेले पुस्तक हा ग्रंथालयाचा तोटा मानू नये.

न सांगितलेली गोष्ट

कन्नड प्रदेशातील एक लोककथा ए. के. रामानुजन यांनी आपल्या संग्रहात दिली आहे. एका बाईला एक गोष्ट आणि एक गाणे येत होते. पण तिने ती दोन्ही कधीच कोणाला सांगितली नाहीत. कोंडून पडलेली गोष्ट आणि गाणे एके दिवशी ती झोपली असताना तिच्या तोंडातून निसटली. गोष्टीने जोड्याचे रूप घेतले आणि ती दाराशी बसली. गाण्याने अंगरख्याचे रूप घेतले आणि ते खुंटीवर लटकले. नवरा घरी आला. परपुरुषाचे जोडे आणि अंगरखा पाहून त्याच्या मनात संशय शिरला, भांडण झाले आणि तो रागाने मारुतीच्या देवळात जाऊन निजला. गावातील दिवे मालवले की त्यांच्या ज्योती रात्री त्या देवळात गप्पा मारायला जमत. तेथे त्या घरच्या ज्योतीने खरा प्रकार सांगितला आणि तो त्याच्या कानांवर पडला. पहाटे तो घरी परतला आणि बायकोला तिची गोष्ट आणि गाणे यांविषयी विचारू लागला. ती म्हणाली, कसली गोष्ट आणि कसले गाणे? ती दोन्ही विसरून गेली होती.

महाराष्ट्रातील हजारो घरांत अशी गोष्ट आणि असे गाणे ठाऊक असलेली माणसे आज हयात आहेत. विचारणाऱ्याने वेळेवर विचारले आणि सांगणाऱ्याने वेळेवर सांगितले, तर ती ठेव पुढच्या पिढीच्या हाती सुखरूप जाईल. त्यासाठी कोणत्याही मंजुरीची प्रतीक्षा करावी लागत नाही. आजचीच रात्र त्याला पुरेशी आहे.